इथेनॉल टाकीत आले, इंजिनाचे काय?

पुण्याहून सोलापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग टेंभुर्णी ओलांडून पुढे निघाला की मोडनिंब लागते. माढा तालुक्यातील हे गाव महामार्गावर आहे आणि कुर्डुवाडी-पंढरपूर-मिरज या लोहमार्गावरही आहे. उजनी धरणाच्या पाण्याने या परिसराचे रूप पालटले. जेथे ज्वारी डोलत असे तेथे ऊस उभा राहिला. तालुक्यातच पिंपळनेर येथे विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखाना आहे. गाळपाच्या हंगामात उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग हे इथले नित्याचे दृश्य असते. सोलापूर जिल्ह्यातील असा ऊस कारखान्यात गेल्यावर त्याच्या रसाचे वा मळीचे इथेनॉल होते, ते टँकरने तेल कंपन्यांच्या डेपोत जाते, पेट्रोलमध्ये मिसळले जाते आणि अखेर महामार्गावरच्या पंपावर परत येते. शेतकऱ्याच्या शेतातून निघालेला ऊस एवढा मोठा फेरा करून त्याच शेतकऱ्याच्या मुलाच्या मोटारसायकलीत शिरतो. शेती आणि वाहतूक यांचे इतके जवळचे नाते या देशाने यापूर्वी क्वचितच अनुभवले असेल.

या फेऱ्याच्या शेवटच्या टोकाला मात्र एक लहानसा भाग बसलेला असतो, आणि सारा हिशेब तेथे येऊन अडतो. तो भाग म्हणजे इंजेक्टर. दहा-बारा वर्षांपूर्वी कर्ज काढून घेतलेली मोटार आजही निगुतीने चालविणारा एखादा शिक्षक किंवा कारकून सकाळी गाडी सुरू करतो, तेव्हा ती झटके मारते, पिकअप देत नाही, अॅव्हरेज कमी झाल्याचे जाणवते आणि समोरच्या काचेखाली इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. फिटर इंजेक्टर काढून साफ करतो, गाडी काही दिवस बरी चालते आणि पुन्हा तीच रड सुरू होते. मालक फिटरला दोष देतो, फिटर पेट्रोलला दोष देतो, पंपवाला वरून येते तेच देतो असे सांगतो. या तिघांच्या वादात खरा प्रश्न बाजूला राहतो. इंधन बदलले गेले आहे. त्याबरोबर जे जे बदलावयास हवे होते, ते बदलले गेले आहे काय?

मिरजेपासून वीस टक्क्यांपर्यंत

पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याची कल्पना भारताला नवी नाही. स्वातंत्र्यानंतर लगेचच, १९४८ साली, त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला होता. पुढे तो कागदावरच राहिला आणि २००० साली रद्दही झाला. त्यानंतर वर्षभरातच, २००१ मध्ये, केंद्र सरकारने पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचे तीन प्रायोगिक प्रकल्प हाती घेतले. त्यांतील दोन महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाड येथे होते व तिसरा उत्तर प्रदेशात बरेलीला होता. मोडनिंबवरून जाणारा लोहमार्ग ज्या मिरजेला पोहोचतो, त्याच मिरजेत या प्रयोगाचा आरंभ व्हावा, हा योग उसाच्या या पट्ट्याला साजेसाच म्हणावा लागेल.

२००३ साली नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण लागू झाले. पुढची दहा वर्षे मात्र योजना रखडत चालली; २०१३-१४ मध्ये प्रत्यक्ष मिश्रण दीड टक्क्याच्या आसपासच होते. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने चित्र बदलले. बी-हेवी मळीपासून व थेट उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास उत्तेजन मिळाले, त्याचे दर ठरवून दिले गेले आणि कारखान्यांनी आसवन्या उभारल्या. जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी वीस टक्के मिश्रणाच्या पेट्रोलची विक्री सुरू झाली. २०३० साली गाठावयाचे हे उद्दिष्ट आधी २०२५-२६ वर आणले गेले आणि २०२५ मध्येच ते पुरे झाल्याचे सरकारने जाहीर केले. दीड टक्क्यापासून वीस टक्क्यांपर्यंतचा हा प्रवास अकरा-बारा वर्षांत झाला. सरकारी योजनेने मुदतीआधी उद्दिष्ट गाठावे, हे आपल्याकडे विरळाच. त्याबद्दल योजनेच्या सूत्रधारांना श्रेय द्यावयास हवे.

परंतु योजनेचा वेग आणि गाड्यांचे आयुष्य यांचा मेळ बसलेला नाही. वीस टक्के मिश्रण सोसू शकतील अशा रबराच्या व धातूच्या भागांच्या गाड्या सर्वत्र येऊ लागल्या त्या एप्रिल २०२३ पासून, आणि त्या मिश्रणासाठीच इंजिनाची जुळणी केलेल्या गाड्या त्यानंतर दोन वर्षांनी. आपल्या समाजात मोटार पंधरा-पंधरा वर्षे वापरली जाते, दुचाकी बापाकडून मुलाकडे जाते. म्हणजे २०२३ पूर्वीच्या बहुसंख्य गाड्यांचे त्यांच्या मालकांनी काहीही न करता, काहीही न विचारता, इथेनॉलवर अंशतः रूपांतर झालेले आहे.

इंजेक्टरचे गणित

हे रूपांतर म्हणजे नेमके काय, ते समजावून घ्यावयाचे तर इंजेक्टरचे काम पाहावे लागते. इंजेक्टर हा विजेच्या इशाऱ्यावर उघडझाप करणारा एक सूक्ष्म पडदा असतो. पंपाने दाबाखाली पाठविलेले इंधन तो केसाएवढ्या छिद्रांतून फवारतो. एका वेळी तो काही सहस्रांश सेकंदच उघडा राहतो. किती वेळ उघडे राहावयाचे, हे गाडीतील संगणक ठरवितो. आणि तो ते ठरवितो धुराच्या नळीत बसविलेल्या प्राणवायूच्या संवेदकाचे ऐकून. धुरात प्राणवायू अधिक राहिला तर इंधन कमी पडते आहे असे समजून तो इंजेक्टर थोडा अधिक वेळ उघडा ठेवतो.

आता रसायनशास्त्र पाहावे. एक किलो पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो पुरते, कारण इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू आधीच असतो. याचाच दुसरा अर्थ असा की तेवढ्याच हवेसाठी इथेनॉल अधिक लागते. शुद्ध इथेनॉलवर गाडी चालवावयाची तर इंजेक्टरने जवळजवळ दीडपट इंधन सोडले पाहिजे. वीस टक्के मिश्रणाला सात-आठ टक्के अधिक. शक्तीचा हिशेबही असाच आहे. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एका लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. इथेनॉलचा ऑक्टेन अंक मात्र पेट्रोलपेक्षा पुष्कळ वरचा असतो. त्यामुळे ज्या इंजिनात हवा अधिक दाबली जाते, त्यात ते उत्तम काम करते. जुन्या इंजिनाचा दाब पेट्रोलसाठीच ठरविलेला असल्याने या गुणाचा फायदा त्याला फारसा घेता येत नाही. तोटा तेवढा पुरता पदरी पडतो.

गाडीचा संगणक ही सात-आठ टक्क्यांची तूट बहुधा भरून काढतो. त्याला इंजेक्टरची वेळ कमी-अधिक करण्याची काही मुभा दिलेली असते. साधारणतः वीस-पंचवीस टक्क्यांच्या आत. नव्या इंजेक्टरच्या बाबतीत ही मुभा पुरेशी असते. पण गाडी जुनी, इंजेक्टरच्या तोंडाशी काजळी धरलेली, इंधनाचा पंप थकलेला, फिल्टर वर्षानुवर्षे न बदललेला, अशा वेळी त्या मुभेतील बराचसा भाग आधीच वापरला गेलेला असतो. त्यावर इथेनॉलची आणखी भर पडली की संगणकाचे हात टेकतात आणि दिवा लागतो. जुन्या दुचाक्यांना तर हाही आधार नाही. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज सहाचे नियम येईपर्यंत बहुतेक दुचाक्यांत कार्ब्युरेटरच होता. त्याच्या जेटचे छिद्र ठरावीक मापाचे असते. टाकीतले इंधन बदलले, हे त्याला कळण्याचा मार्गच नसतो.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

प्रमाणाचा प्रश्न हा झाला पहिला. दुसरा प्रश्न इथेनॉलच्या स्वभावाचा आहे, आणि इंजेक्टर वारंवार का तुंबतो याचे उत्तर त्यातच सापडते.

इथेनॉल हे उत्तम द्रावक आहे. वर्षानुवर्षे पेट्रोल भरलेल्या टाकीच्या तळाशी आणि नळ्यांच्या आतल्या अंगाला डिंकासारखा थर साचलेला असतो. पेट्रोल त्याच्या वाटेला जात नाही; इथेनॉल मात्र तो सोडवू लागते. सुटलेला हा मळ पंपाच्या जाळीत, तेथून फिल्टरमध्ये आणि त्यातूनही निसटलेला बारीक अंश इंजेक्टरच्या तोंडाशी येतो. म्हणून इथेनॉलचे प्रमाण एकदम वाढले की पहिल्या काही टाक्यांतच गाडी कुरकुर करू लागते. अशा वेळी फिल्टर न बदलता आणि टाकी न धुता केवळ इंजेक्टर साफ करणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो.

दुसरे, इथेनॉल पाणी ओढून घेते. पेट्रोल आणि पाणी यांचे सख्य नसते. पाणी तळाशी वेगळे राहते. इथेनॉल मात्र पाण्याला आपल्यात सामावून घेते आणि त्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की पाण्यासह स्वतःही पेट्रोलपासून वेगळे होऊन खाली बसते. पंपाच्या भुयारी टाकीत पावसाळ्यात पाणी झिरपले किंवा महिना-दोन महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत दमट हवा खेळत राहिली, तर हा धोका संभवतो. मग इंधनाच्या पंपाला टाकीच्या तळातून पेट्रोलऐवजी पाणी मिसळलेला मद्यार्क ओढावा लागतो. रोज धावणाऱ्या गाडीला याची भीती थोडी असते. परंतु शाळेच्या सुटीत गावाकडे उभी राहणारी मोटार किंवा केवळ सणासुदीला बाहेर काढली जाणारी स्कूटर यांना ती निश्चितच अधिक असते.

तिसरे, सर्वच रबर इथेनॉलला मानवत नाही. जुन्या गाड्यांतील काही प्रकारचे रबर त्यात फुगते, मऊ पडते आणि पुढे तडकते. इंजेक्टरला बसविलेली लहानशी रबरी कडी, ज्याला फिटर ओरिंग म्हणतात, तिने धर सोडला की इंधन झिरपते अथवा बाहेरची हवा आत शिरते. जस्त, अॅल्युमिनियम, शिसे-कथलाचा मुलामा यांवरही पाणी मिसळलेल्या इथेनॉलचा परिणाम होतो. शिवाय इथेनॉलमध्ये सल्फेटाचे क्षार राहून गेले तर ते इंजेक्टरच्या छिद्रांशी साचतात. अमेरिकेत हा अनुभव आल्यानंतर तेथील प्रमाणकात त्या क्षारांवर कडक मर्यादा घालण्यात आली. म्हणजे इंजेक्टरचे दुखणे कधी टाकीत जन्माला येते, कधी डेपोत, तर कधी आसवनीत. दिसते मात्र ते गॅरेजात.

पुरते रूपांतर आणि अर्धे रूपांतर

काही हौशी मंडळी याच्या पुढे जातात. इथेनॉलवरच गाडी चालवावी असे त्यांच्या मनात येते. पुणे येथे जून २०२१ मध्ये तीन पंपांवर शुद्ध इथेनॉलच्या विक्रीचा प्रायोगिक आरंभ झाला. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतील १८३ पंपांवर ते इंधन उपलब्ध झाल्याची घोषणा झाली. ते त्यासाठीच घडविलेल्या गाड्यांकरिता आहे. पण पंपावर दिसले की आपल्या गाडीत घालून पाहण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो. परदेशात अशा रूपांतरासाठी एक लहान पेटी मिळते. ती संगणक आणि इंजेक्टर यांच्यामध्ये बसते आणि इंजेक्टरला मिळणारा इशारा लांबविते. पेटी इशारा लांबवील. परंतु इंजेक्टरची क्षमताच अपुरी असेल तर तो सतत उघडा राहूनही इंधन पुरवू शकणार नाही. भरधाव वेगात, चढावर, भरल्या गाडीत इंधन कमी पडते, जळण तापते आणि झडपा व पिस्टन यांना इजा पोहोचते. थंडीच्या पहाटे तर गाडी सुरू होण्याचीच पंचाईत, कारण थंडीत इथेनॉलची वाफ सहज होत नाही.

या बाबतीत फ्रान्सने घालून दिलेला पाठ लक्षात घेण्याजोगा आहे. तेथे पंचाऐंशी टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले इंधन स्वस्त मिळते, म्हणून लोक गाड्या बदलून घेऊ लागले. तेव्हा सरकारने २०१७ च्या अखेरीस नियम केले. पेटी मान्यताप्राप्त असली पाहिजे, ती अधिकृत कारागिरानेच बसविली पाहिजे, गाडीच्या नोंदणीपत्रात इंधनाचा बदल नोंदविला गेला पाहिजे आणि त्या पेटीमुळे इंजिनाला इजा झाल्यास जबाबदारी पेटीच्या उत्पादकाची राहील. आपल्याकडेही तत्त्व वेगळे नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि इंधन बदलावयाचे तर मान्यताप्राप्त संचच बसवावा लागतो. सीएनजीच्या बाबतीत हे सर्वांच्या परिचयाचे आहे. संच बसवा, तपासणी करा, आरटीओकडे नोंद करा, मगच गाडी रस्त्यावर आणा.

येथे एक विसंगती मनात ठसते. मालकाने स्वतः इंधन बदलले तर कायदा त्याच्याकडे मान्यता, तपासणी व नोंद मागतो. तेच इंधन पंपावर अंशतः बदलून दिले गेले, तर तपासणीही नाही, नोंदही नाही आणि जबाबदारी कोणाची याचा उल्लेखही नाही. प्रमाण लहान आहे म्हणून हा फरक समजण्यासारखा आहे, असे कोणी म्हणेल. पण मग ते प्रमाण कोणत्या गाडीला लहान आणि कोणत्या गाडीला मोठे, हे सांगण्याची जबाबदारी तरी कोणी घ्यावयास नको काय?

ब्राझीलचा धडा

इथेनॉलची चर्चा निघाली की ब्राझीलचे नाव निघतेच. त्या देशाने काय केले, हे मात्र अर्धवटच सांगितले जाते. १९७३ च्या तेलसंकटानंतर, १४ नोव्हेंबर १९७५ रोजी, ब्राझीलने आपला मद्यार्क-इंधन कार्यक्रम जाहीर केला. तेथील हवाईदलाच्या संशोधन केंद्रातील अभियंते उर्बानो श्टुम्फ यांनी इथेनॉलवर चालणाऱ्या इंजिनावर आधीपासून काम केले होते. १९७९ साली फियाट १४७ ही शुद्ध इथेनॉलवर चालणारी मोटार कारखान्यातूनच बाहेर पडली. सुरुवातीस गंजण्याच्या आणि सकाळी सुरू न होण्याच्या तक्रारी आल्या. त्यांवर कार्ब्युरेटरला निकेलचा मुलामा, गंज न धरणारी टाकी आणि थंडीत गाडी सुरू करण्यासाठी पेट्रोलची वेगळी छोटी टाकी असे उपाय योजले गेले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास तेथे विकल्या जाणाऱ्या दर दहा नव्या मोटारींपैकी नऊंहून अधिक इथेनॉलच्या होत्या.

नंतर १९८९-९० मध्ये साखरेला चांगला भाव आला, कारखाने साखरेकडे वळले आणि पंपांवर इथेनॉल मिळेनासे झाले. ज्यांच्या गाड्या केवळ इथेनॉलवरच चालत होत्या, ते रांगांत उभे राहिले. लोकांचा विश्वास उडाला आणि काही वर्षांतच त्या मोटारींची विक्री जवळजवळ शून्यावर आली. तो विश्वास परत मिळवावयास २००३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी तेथे कोणत्याही प्रमाणातील मिश्रणावर चालणारी मोटार आली. धुरातील प्राणवायूवरून टाकीत काय आहे हे ओळखावयाचे आणि इंजेक्टरला तसा हुकूम द्यावयाचा, ही तिची करामत. आज तेथला चालक पंपावर दोन दर पाहतो. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांहून कमी असेल तर इथेनॉल भरतो, नाहीतर पेट्रोल. सत्तर टक्के हा आकडा ऊर्जेच्या हिशेबातून आलेला आहे, आणि तो तेथल्या सामान्य माणसाला तोंडपाठ आहे.

ब्राझीलमध्ये इथेनॉलबरोबर इंजिन बदलले, इंजेक्टर बदलला, दराची पाटी बदलली आणि निवड ग्राहकाच्या हाती राहिली. आपण त्यांतील पहिले पाऊल वेगाने टाकले. उरलेली पावले मागे राहिली. २०१९ मध्ये टीव्हीएस कंपनीने शुद्ध इथेनॉलवर चालणारी मोटारसायकल बाजारात आणली, तेव्हा ते इंधन देणारे पंप नव्हते. पंप आले तेव्हा रस्त्यावर त्या इंधनाच्या गाड्या अगदी थोड्या होत्या. इंधन एका घरात आणि गाडी दुसऱ्या घरात, असा हा संसार आहे.

तोटा कोणाच्या खिशातून?

सरकारचे म्हणणे दुर्लक्षिण्याजोगे नाही. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सविस्तर खुलासा केला. त्यानुसार २०१४-१५ पासून या योजनेने १ लाख ४४ हजार कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन वाचविले. जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग बदलावे लागतील, ते स्वस्त आहेत आणि नेहमीच्या दुरुस्तीत बदलता येतील, असेही त्यात म्हटले होते. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या पुण्यातील मान्यवर संस्थेने केलेल्या चाचण्यांचाही या धोरणाला आधार आहे. इथेनॉलमुक्त पेट्रोलचा पर्याय मिळावा यासाठी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. इथेनॉलने इंजिने सरसकट बंद पडतात, ही ओरड अतिरंजितच आहे.

परंतु नीती आयोगाने जून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यातच असे नमूद आहे की मुळात पेट्रोलसाठी घडविलेल्या आणि दहा टक्के मिश्रणाला जुळविलेल्या मोटारींची इंधन-कार्यक्षमता वीस टक्के मिश्रणावर सहा ते सात टक्क्यांनी, तर तशा दुचाक्यांची तीन ते चार टक्क्यांनी घटेल. समजा, एका शिक्षकाची मोटार वर्षाला दहा हजार किलोमीटर धावते आणि लिटरला पंधरा किलोमीटर देते. तिला वर्षाला सुमारे ६६७ लिटर पेट्रोल लागते. कार्यक्षमता सहा टक्क्यांनी घटली तर सुमारे ४२ लिटर अधिक लागेल. लिटरमागे शंभर रुपये धरले तरी हा खर्च चार हजारांच्या पुढे जातो. त्यात फिल्टर, ओरिंग आणि इंजेक्टरची सफाई मिळवावी. ही रक्कम राष्ट्राच्या हिशेबात नगण्य असेल. महिनाअखेरीची तोंडमिळवणी करणाऱ्या घरात ती नगण्य नाही. त्याच आराखड्याने मिश्रित इंधन ग्राहकाला स्वस्त मिळावे म्हणून करसवलतीचा विचार सुचविला होता. पेट्रोलच्या दराच्या पाटीवर त्या सूचनेची खूण उमटली नाही. इथेनॉलचा खरेदीदरच आता वाढला आहे, असे त्यावर सरकारचे उत्तर आहे. ते खरे असले, तरी लिटरमधली ऊर्जा कमी झाली आणि लिटरचा दर तोच राहिला, हेही तितकेच खरे आहे.

दुसऱ्या पारड्यात शेतकरी आहे, आणि मोडनिंबसारख्या गावात तो परका नसतो. पुष्कळदा तो त्या शिक्षकाचा भाऊ असतो. साखर गोदामात पडून राहिली की कारखान्याचे पैसे अडकतात आणि ऊस उत्पादकाची थकबाकी वाढते. इथेनॉलचे पैसे त्या मानाने लवकर येतात आणि उसाचे बिल चुकते होण्यास मदत होते. उलट डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस अपुरा झाल्याने सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक निर्बंध घातले, ते ऑगस्ट २०२४ मध्ये उठविले. आसवनीसाठी कर्ज काढलेल्या कारखान्यांना त्याची झळ बसली. पाण्याचा हिशेब तर सोलापूरला विसरताच येत नाही. उसाच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे नीती आयोगाचाच आराखडा सांगतो. अवर्षणाच्या छायेतील जिल्ह्यात इतक्या पाण्यातून जन्मलेले इंधन जुळणी न झालेल्या इंजिनात शक्तीविना जळून जावे, हा अपव्यय केवळ मोटारमालकाचा नसतो. तो उजनीच्या पाण्याचाही असतो.

काय करावयास हवे

म्हणून इथेनॉल नको, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. रूपांतर करावयाचेच तर ते पुरते करावे, एवढेच मागणे आहे. आणि त्यासाठी फार मोठा खर्चही नाही. पंपावरील प्रत्येक यंत्रावर मिश्रणाचे प्रमाण ठळक मराठीत लिहिलेले असावे. कोणत्या सालच्या कोणत्या गाडीला हे मिश्रण जसेच्या तसे चालते, कोणत्या गाडीचे कोणते रबरी भाग बदलावेत आणि त्यांची किंमत काय, याची यादी उत्पादकांनी जाहीर करावी व ती गावोगावच्या फिटरपर्यंत पोहोचवावी. पंपांच्या भुयारी टाक्यांतील पाण्याची तपासणी, विशेषतः पावसाळ्यात, नियमाने व्हावी आणि तिची नोंद ग्राहकाला पाहावयास मिळावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमात इथेनॉलवरील इंधनप्रणालीला स्थान मिळावे. आणि दराची आकारणी लिटराबरोबरच त्यातील ऊर्जेचाही विचार करून व्हावी, किंवा निदान जुन्या गाड्यांच्या मालकांना कमी मिश्रणाचा पर्याय काही काळ तरी उपलब्ध असावा.

गाडीच्या मालकालाही काही पथ्ये पाळता येतील. गाडी फार दिवस उभी ठेवावयाची असेल तर टाकी भरून ठेवावी, म्हणजे तीत दमट हवेला जागा राहत नाही. फिल्टर ठरलेल्या मुदतीआधी बदलावा. इंजेक्टर साफ करण्यापूर्वी टाकीचा तळ आणि पंपाची जाळी पाहण्याचा आग्रह फिटरकडे धरावा. अमान्य पेट्या आणि घरगुती मिश्रणे यांच्या नादी लागू नये. मात्र ही पथ्ये म्हणजे धोरणातील उणिवांवरचा उपाय नव्हे. रुग्णाने पथ्य पाळावे हे बरोबर. पण औषध बदलले आहे, हे त्याला वैद्याने आधी सांगावयास हवे.

२०२५ मध्ये वीस टक्क्यांचा टप्पा गाठला गेला, तोच त्याहून अधिक मिश्रणाची चर्चा सुरू झाली. पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी मागचे पाऊल घट्ट रोवले गेले आहे काय, हे पाहण्याची ही वेळ आहे. ब्राझीलमध्ये एकदा गमावलेला विश्वास परत यावयास तेरा-चौदा वर्षे लागली. आपल्याकडे अजून विश्वास गेलेला नाही. तो केवळ कुरकुरतो आहे. ही कुरकुर इंजेक्टरच्या तोंडाशी ऐकू येते, आणि ती ऐकण्यासाठी दिल्लीत समिती बसवावी लागत नाही. मोडनिंबच्या रस्त्यावरील कोणत्याही गॅरेजात क्षणभर थांबले तरी ती कानी पडेल. उसाला भाव मिळावा आणि गाडीला न्याय मिळावा, या दोन मागण्या परस्परविरोधी नाहीत; बहुधा त्या एकाच घरातून येत असतात. दोन्ही पुरविणे जमले तरच सोलापूरच्या रानातला ऊस खऱ्या अर्थाने देशाचे इंधन झाला, असे म्हणता येईल.